पुणे उजव्या हाताला राहिले

गारगोटीहून पुण्यास जावयाचे मनात ठरविणे ही सोपी गोष्ट आहे. ते चारचौघांत बोलून दाखविणे यास मात्र छातीचा कोट करावा लागतो. आमच्या या भुदरगड तालुक्याच्या ठिकाणास वेदगंगेच्या कृपेने पाणी, मौनी विद्यापीठाच्या कृपेने विद्या आणि पाटगावकडील डोंगरांच्या कृपेने पाऊस हे सारे विपुल लाभले असले, तरी आगगाडी लाभलेली नाही. आणि ज्या मुलखात आगगाडी नाही, त्या मुलखातील प्रत्येक मनुष्य रस्त्यांच्या बाबतीत जन्मतःच अधिकारी पुरुष असतो. आगगाडीच्या प्रवाशास मार्गाविषयी मत बाळगण्याचे प्रयोजनच पडत नाही, कारण रूळ त्याचे मत विचारीत नाहीत. आमच्याकडे मात्र पानपट्टीच्या फळीला टेकून उभा असलेला, आणि बिद्रीच्या साखर कारखान्यापलीकडे ज्याचे पाऊल क्वचितच पडले असेल असा इसमही, पुण्यास कसे जावे हे डोळे मिटून सांगू शकतो.

"काय अण्णा, कुठं निघालाय?"

"पुण्याला. धाकट्याकडं."

"बरं झालं. कुठनं जाणार?"

येथवरचे संभाषण सुखरूप असते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले की पुढचा अर्धा तास आपला राहत नाही. या प्रश्नावर गावात तीन पंथ आहेत. पहिला कळंब्याचा, म्हणजे मुदाळ तिट्ट्यावरून बिद्री, इस्पुर्ली करीत कोल्हापूर गाठावे आणि शहरात न शिरता कळंब्यावरून, मोरेवाडी-उचगावच्या अंगाने महामार्गास लागावे असे मानणारा. दुसरा कागलचा, हा मुदाळ तिट्ट्यावरून मुरगुडाकडे वळतो व कोल्हापूरचे तोंडही न पाहता महामार्गावर अवतरतो. तिसरा निपाणीचा. पुणे उत्तरेस असता पूर्वेकडील निपाणीस, म्हणजे परराज्यात, जाऊन तेथून पुण्याकडे तोंड फिरवावे असे या पंथाचे आग्रहाचे सांगणे असून, वाटेत आदमापुरास बाळूमामांचे दर्शनही पदरी पडते हा त्यांचा निर्णायक मुद्दा आहे. या मुद्द्याचा प्रतिवाद करण्याची शामत इतर दोन्ही पंथांत नसल्याने वाद तेथे तहकूब होतो. परंतु एका गोष्टीविषयी तिन्ही पंथांचे विलक्षण ऐक्य आहे. निरोप देताना प्रत्येकजण जवळ येतो, आवाज खाली आणतो आणि अनुग्रह दिल्याच्या थाटात सांगतो :

"पुण्यात आत शिरू नगासा. बायपास धरा."

मी सारी हयात निरनिराळ्या तालुक्यांच्या कचेऱ्यांतून कारकुनी करून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेला मनुष्य असल्याने, बायपास ही वस्तू मला तिच्या गर्भावस्थेपासून परिचयाची आहे. ती प्रथम नकाशावर तांबड्या पेन्सिलीच्या रेघेच्या रूपाने प्रकट होते. ही रेघ अत्यंत शांत, निरुपद्रवी आणि सरळ असते. गावातील रस्त्यावर वाहनांची दाटी होते, सबब ती वाहने गावाबाहेरून जावीत, एवढाच निर्मळ हेतू तिच्या पोटी असतो. पुढे १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली ३ (ए) ची अधिसूचना निघते, म्हणजे सरकारास जमीन घ्यावयाची इच्छा झाली असे जाहीर होते. नंतर ३ (डी) ची निघते, म्हणजे ती जमीन सरकारची झाली असे जाहीर होते. आणि या दोहोंमध्ये कायद्याने फार तर एक वर्षाचे अंतर ठेविले आहे. एका वर्षात आंब्याचे झाड किती वाढावे याविषयी वनस्पतिशास्त्र काही म्हणो, ज्या रानावरून रेघ गेली आहे त्या रानातला आंबा शास्त्राला जुमानीत नाही. ज्या गटात सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या 'जिरायत' याखेरीज दुसरा शब्द नव्हता, त्या गटात मोजणीच्या दिवशी आम्ही गेलो, तो ऐन फोंड्या माळावर आमराई उभी. रोपांना बांधलेल्या काठ्याच रोपांहून जून दिसत होत्या.

"ही झाडं कधीची?" मोजणीदाराने विचारले.

"आमच्या आज्याच्या हातची हायती, सायेब."

"आजा कधी वारला?"

"वारलाय कुठं? त्यो काय, पाणी घालतोय की!"

आणि खरोखरच पलीकडच्या सरीत एक वृद्ध गृहस्थ हातात बादली घेऊन, कॅमेऱ्याकडे पाहावे तसे आमच्याकडे पाहत उभे होते. पंचनाम्यात झाडांचे वय काय लिहावे यावर साहेबांनी बराच विचार केला. शेवटी त्यांनी आजोबांचे वय लिहून घेतले व झाडांची बाब वरिष्ठांच्या निर्णयासाठी खुली ठेवली.

असो. सांगावयाचे ते हे की, बायपासच्या जन्माचा साक्षीदार असूनही त्याच्यावरून प्रवास करण्याचा योग मला उशिरा आला. धाकटे चिरंजीव पुण्यास नोकरीस लागले आणि वाकड या नावाच्या ठिकाणी राहू लागले, तेव्हापासून कात्रज–देहूरोड बायपास हा माझ्या उतारवयातील एक नित्य विषय होऊन बसला आहे. बंगळुरूकडून आलेला महामार्ग पूर्वी कात्रजचा घाट उतरून स्वारगेट, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, पिंपरी असा पुण्याच्या पोटातून जाऊन मुंबईच्या वाटेस लागत असे. शहरास हे पोटदुखीचे झाल्यावर त्याला कात्रजपाशीच डावीकडे वळविण्यात आले, आणि वारजे, बावधन, बाणेर, वाकड, रावेत अशा तत्कालीन खेड्यांच्या शिवारांतून पश्चिमेकडील अंगाने फिरवून देहूरोडपाशी मुंबईच्या रस्त्याला नेऊन भिडविण्यात आले. मुठा, मुळा आणि पवना या तिन्ही नद्या तो एकामागून एक ओलांडतो. योजना इतकी स्वच्छ होती की, तीत कोणास खोट काढता येऊ नये. शहर एका बाजूस, वाहने दुसऱ्या बाजूस. फक्त शहराला हे कोणी कळविले नाही.

गारगोटीहून रात्री सुटणाऱ्या खाजगी बसमधून मी प्रथम निघालो, तेव्हा पहाटे क्लीनर मंडळी करतात त्या नामघोषाने जाग आली. "नवले! वारजे! चांदणी चौक! बाणेर! वाकड!" एवढी नावे त्या तरुणाने एका दमात, मध्ये श्वास न घेता उच्चारली. मी सावधपणे म्हणालो,

"पुणे आलं की मला सांगा हं."

"पुणं? काका, गाडी पुण्यात जात नाही. पुणं उजव्या हाताला राहिलं."

मी उजव्या खिडकीतून पाहिले. दिव्यांनी लखलखणाऱ्या उंच इमारतींची रांग होती. मग कुतूहलाने डावीकडे पाहिले. तेथेही तशीच रांग होती, किंबहुना अंमळ उंचच.

"मग डाव्या हाताला काय आहे?"

"ते बी पुणंच."

"मग आपण कुठं आहोत?"

"बायपासला," तो म्हणाला, आणि एवढ्या साध्या गोष्टीचा उलगडा न झालेल्या माणसाला रात्रीच्या गाडीने एकटे पाठविणाऱ्या माझ्या घरच्या मंडळींची त्याला कीव आलेली दिसली.

त्याने मला उतरविले ते एका पुलाखाली. खाजगी बसचे पुण्यातील सारे थांबे पुलाखालीच असतात, व तेथे पहाटे चारच्या सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील इतकी जनता ट्रंका, तांदळाची पोती आणि गुळाच्या ढेपा घेऊन उभी असते की, दक्षिण महाराष्ट्राची एखादी अधिकृत कचेरी तेथे उघडावयास हरकत नाही. मी चिरंजीवांना दूरध्वनी केला. त्यांनी झोपेतून विचारले,

"बाबा, तुम्ही वर आहात की खाली?"

सत्तरीच्या घरात पोचलेल्या बापाला मुलाने पहाटे चार वाजता विचारावा असा हा प्रश्न नव्हे. मी शांतपणे म्हणालो, "अद्याप खालीच आहे." पुढे उलगडा झाला तो असा की, या बायपासला वर आणि खाली असे दोन लोक आहेत. वर महामार्ग, खाली सेवारस्ता. वरच्यास खाली येता येत नाही आणि खालच्याला वर जाता येत नाही; जी काही द्वारे ठेविलेली आहेत ती आपण ओलांडून गेल्यावरच दिसतात. जावईबापूंच्या मोटारीतून जाऊ लागल्यावर तर या लोकद्वयाची प्रचिती पदोपदी येऊ लागली. त्यांच्या मोबाईलमध्ये मार्ग सांगणाऱ्या एक विदुषी वास्तव्य करून आहेत. त्यांचे ज्ञान अगाध आहे. परंतु वर आणि खाली यांतील भेद त्यांनाही उमगलेला नाही. आम्ही वर असता त्या खालच्या दुकानासमोर डावीकडे वळावयास सांगतात, आणि आम्ही खाली असता, वर कोठेतरी वेगाने चाललो आहोत अशा समजुतीत, पुढील बारा किलोमीटर सरळ जाण्याची आज्ञा देतात. जावईबापूंची त्यांच्यावर अविचल श्रद्धा आहे.

"अहो, इथं वळायचं होतं," मी म्हणतो.

"ती नाही म्हणाली, मामा."

"पण पाटी होती."

"पाटी जुनी असेल. तिला उपग्रहावरून दिसतं."

उपग्रहावरून दिसते तिला, आणि भोवंडते मला.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलाकडे जो उतार लागतो, त्याविषयी मात्र थट्टेने बोलवत नाही. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची खोड काही मालमोटारवाल्यांना असते, आणि दोन-चार रुपयांच्या त्या काटकसरीपायी तेथे अनेकांचे प्राण गेले आहेत. त्या टप्प्यावर मी खिडकीबाहेर न पाहता रामरक्षा म्हणतो, आणि सौभाग्यवती मागल्या आसनावरून, "जावईबापू, जरा हळू," एवढे एकच पालुपद धरून असतात.

पुढे येतो तो चांदणी चौक. या स्थळाचे नाव ज्याने ठेविले तो कवी असावा, आणि तो तेथून पायी गेला असावा. मुळशी, पौड, पाषाण, बावधन, कोथरूड आणि महामार्ग अशा दाही दिशांची वाहने तेथे एकमेकांस भेटत, आणि भेटल्यावर लवकर निरोप घेत नसत. २०२२ च्या ऑगस्टात साताऱ्याकडे निघालेले खुद्द मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफाच तेथील कोंडीत सापडला, नागरिकांनी आपली गाऱ्हाणी त्यांच्या कानी घातली, आणि सामान्य जन वर्षानुवर्षे ज्या गोष्टीचा विचार करीत बसले होते तिला एकाएकी गती आली. आमच्या कचेरीच्या अनुभवावरून सांगतो, दरखास्तीवर शंभर सह्या असण्यापेक्षा दरखास्त ज्याच्याकडे जावयाची तो अधिकारी स्वतः चिखलात रुतणे हे केव्हाही अधिक फलदायी ठरते.

तर तेथील जुना पूल पाडावयाचे ठरले. २०२२ च्या १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर तो उडवावयाचा होता. दिल्लीनजीक नोएडा येथील जुळे उत्तुंग मनोरे नुकतेच ज्यांनी काही क्षणांत भुईसपाट केले होते तेच तज्ज्ञ आले. सुमारे सहाशे किलो स्फोटके पुलाच्या अंगात भरण्यात आली. महामार्ग बंद झाला. वृत्तवाहिन्यांनी उलटी गणती चालविली. मी त्या रात्री चिरंजीवांकडेच होतो आणि सारे कुटुंब दूरचित्रवाणीपुढे जागरणास बसले होते. स्फोट झाला. धुरळ्याचा लोट उठला. सुनेने टाळ्या वाजविल्या. आणि धुरळा खाली बसल्यावर पाहतो तो, पुलाचा बराचसा सांगाडा जागच्या जागी उभा! पुलात लोखंड अपेक्षेपेक्षा अधिक निघाले असा खुलासा नंतर झाला. सरकारी बांधकामात एखादा जिन्नस अपेक्षेपेक्षा अधिक निघाला, असे माझ्या उभ्या नोकरीत माझ्या कानावर आलेले नव्हते. त्यामुळे तो खुलासा ऐकून मी उठून उभा राहिलो. उरलेले काम मग यंत्रांनी ठोकून, ओरबाडून उरकले, आणि आमच्या मंडळींनी, "पूर्वीची कामं ती पूर्वीची," असा शेरा मारून दिवे मालविले.

त्या जागी नवा उड्डाणपूल व त्याचे फाटे झाले. १२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले. पूर्वी तेथे मनुष्य अडकून पडे. आता तो फिरत राहतो. बावधनास जाण्यासाठी आम्ही एका फाट्यावर चढलो, तो त्याने आम्हांस मुळशीच्या दिशेने सोडले. तेथून वळून दुसऱ्यावर चढलो, तो आम्ही साताऱ्याकडे तोंड करून निघालो. तिसऱ्याने बावधन दाखविले, परंतु ते खाली होते आणि आम्ही वर. जावईबापूंच्या मोबाईलमधील विदुषींनी त्या दिवशी प्रथमच मौन धारण केले. सौभाग्यवतींनी मात्र तेवढ्यात डबा उघडून, "आता इथंच थालीपीठ खाऊन घ्या, उतरायचं मग बघू," असा व्यवहार्य तोडगा काढला. पुढे वाकडचा फाटा हुकला तर किवळ्यापाशी मनुष्य नकळत मुंबईच्या द्रुतगती महामार्गावर चढतो. एकदा त्यावर चढले की परतण्याचे नाव बराच वेळ काढता येत नाही. मुलाकडे राहावयास निघालेला गृहस्थ अशा वेळी टोल भरून खंडाळ्याची शोभा पाहू लागतो.

याच बायपासवर एकदा आम्ही लग्नास गेलो. हल्ली पुणेकरांची लग्ने गावात होत नाहीत. बायपासला लागून असलेल्या लॉन्सवर होतात आणि निमंत्रणपत्रिकेवर वधूवरांच्या नावांखालोखाल 'पार्किंगची उत्तम सोय' हे शब्द असतात. सोय उत्तमच होती, परंतु ती महामार्गाच्या पलीकडे होती. आम्ही अलीकडच्या सेवारस्त्यावर. मांडव दिसत होता. फेटे दिसत होते. ध्वनिक्षेपकावरून भटजींचा आवाज तर आम्हांस जवळच्यांपेक्षाही खणखणीत ऐकू येत होता. मध्ये सहा पदरी रस्ता, आणि पलीकडे जावयाचे भुयार मागे राहिलेले. जावईबापू पुढून वळण शोधावयास गाडी घेऊन निघाले, ते बराच वेळ आलेच नाहीत. इकडे मंगलाष्टके सुरू झाली.

"अहो, आता?"

"आता काय? वाट पाहू."

"मुहूर्त टळेल! टाका इथूनच."

आणि आम्हां उभयतांनी महामार्गाच्या कठड्याशी उभे राहून, प्रत्येक 'सावधान'ला, बंगळुरूहून मुंबईकडे चाललेल्या मालमोटारींवर अक्षता टाकल्या. त्या दिवशी कित्येक मालमोटारी सुमुहूर्तावर वाकड ओलांडून गेल्या असतील. नवऱ्या मुलाच्या आईला नंतर भेटीत, "आम्ही होतो, तुम्हाला दिसलो नसू," असे मी सांगितले. ते अक्षरशः खरे होते.

या साऱ्याचा दोष रस्त्याला देण्यात अर्थ नाही. आपण जेथे जेथे माणसांना टाळून जाणारा रस्ता बांधतो, तेथे तेथे गुऱ्हाळाच्या काहिलीकडे माश्या जमाव्यात तशी माणसे त्याच्या भोवती जमतात. प्रथम चहाची टपरी, मग पंक्चर काढणारा, मग हॉटेल, मग संगमरवराची दुकाने, मग गृहसंकुल, आणि शेवटी त्या गृहसंकुलातील रहिवाशांचे शिष्टमंडळ, की आमच्या घरासमोरून ही वाहने का जातात? हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नव्हे. लंडनभोवतीचा सुमारे १८८ किलोमीटरचा एम-२५ हा वर्तुळमार्ग १९८६ च्या ऑक्टोबरात मार्गारेट थॅचर यांनी समारंभपूर्वक पुरा खुला केला, आणि थोड्याच काळात तेथील लोक त्यास जगातील सर्वांत मोठा वाहनतळ म्हणू लागले. साहेबाने केले म्हणजे त्यात काही तरी असलेच पाहिजे, असे मानणारी पिढी आमची आहे. त्यामुळे ही वार्ता वाचून मला एक प्रकारे बरेच वाटले. आमच्याकडे देहूरोड–सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणास २०१० साली आरंभ झाला आणि ते २०१३ साली पुरे व्हावयाचे होते. २०१३ साल वेळेवर आले. सांप्रत पुण्याच्या बायपासलाही टाळून जाणारा, सुमारे १७० किलोमीटरांचा रिंग रोड होऊ घातला आहे, आणि आमच्या मेहुण्यांनी त्याच्या संभाव्य रेघेच्या आसपास, साताऱ्याच्या बाजूने, हॉटेलसाठी जागा पाहण्यास आताच प्रारंभ केला आहे. "गर्दी व्हायच्या आत जाऊन बसावं," असे त्यांचे धोरण आहे.

परंतु परगावच्या गोष्टींस हसण्याचा अधिकार आम्हांस फार दिवस उरलेला नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मोठमोठ्याने गाणी लावून, आमच्या गारगोटीच्या पेठेतून जाऊ लागतात. पुढे कोल्हापूर गाठावे तर कळंब्यापाशी हीच मिरवणूक भेटते, आणि तेथील मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडे पाहत गाडीत खोळंबलेल्या मनुष्याच्या मनात येतेच की, आतल्या मंडळींना सुटकेची तारीख तरी ठाऊक आहे. तेव्हा गावाबाहेरून वळणरस्ता व्हावा अशी दरखास्त करण्यासाठी पेठेतील काही व्यापारी, बागायतदार आणि निवृत्त शिक्षक एका संध्याकाळी आमच्या सोप्यात जमले. मसुदा लिहिण्याचे काम अर्थातच मजकडे आले. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' इथपर्यंत एकमत झाले.

"नदीच्या अंगानं काढा," एका व्यापाऱ्याने सुचविले.

"तिकडं आमचं रान हाय," बागायतदार म्हणाले. "वरनं, डोंगराच्या अंगानं काढा की."

"तिकडं माझं घर झालंय नवं," गुरुजी म्हणाले. "शांततेसाठीच बांधलंय."

"मग आण्णा, असं लिवा, लोकांच्या सोयीनं काढावा."

मी लिहिले. तोवर किराणावाल्यांच्या मनात वेगळीच शंका उभी राहिली होती. वाहने जर सारी बाहेरून गेली, तर पाटगावकडून येणारे गिऱ्हाईक पेठेत थांबणार कसे? कापडवाल्यांनी तीस दुजोरा दिला. हॉटेलवाले तर आजवर गप्प बसल्याबद्दल स्वतःवरच रागावले. वाहनांची कटकट नको, परंतु वाहनांतील माणसे हवीत, ही अडचण सर्वांना एकाच वेळी जाणवली आणि सोप्यात बराच वेळ शांतता पसरली. चहा आला. चहाबरोबर तोडगाही आला. तो कोणी सुचविला हे इतिवृत्तात नोंदवू नये असे ठरल्याने येथेही नोंदवीत नाही. परंतु ठराव सर्वानुमते असा झाला की, गारगोटीस बायपास अवश्य व्हावा, चौपदरी व्हावा, मात्र तो पेठेतूनच जावा.

त्यास उपसूचना आल्या त्या अशा : पेठेत प्रत्येक दुकानासमोर दुभाजकास मोकळी जागा ठेवावी, एस.टी. जेथे सध्या थांबते तेथेच, म्हणजे मध्ये, थांबावी. आणि वेग आवरता राहावा म्हणून गतिरोधक घालावेत. गतिरोधकांच्या संख्येविषयी मात्र मतैक्य होईना, कारण प्रत्येकाला तो आपल्या दारापासून दोन दुकाने पलीकडे हवा होता. शेवटी मी आकड्याची जागा कोरी सोडून कागद सह्यांसाठी पुढे केला. काल बागायतदार येऊन तो कागद परत घेऊन गेले आहेत. सहीपूर्वी त्यांना एवढीच खात्री करून घ्यावयाची आहे की, आंब्याची कलमे आत्ता लावली तर चालतील की मंजुरीपर्यंत थांबावे लागेल.